स्पेसरला ७० मेगापास्कलची सक्ती कशाला?

हाडवैद्य
संसर्ग झालेला कृत्रिम सांधा काढला की मधल्या काही आठवड्यांसाठी अँटिबायोटिक घातलेल्या हाडाच्या सिमेंटचा (एक प्रकारचं प्लास्टिक) स्पेसर, म्हणजे सांध्याची जागा धरून ठेवणारा तात्पुरता तुकडा, बसवतात. त्याच्या ताकदीवरून उगाच घोळ चालतो. हाडाच्या सिमेंटचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ५८३३ म्हणतं, दाबाखाली ताकद किमान ७० मेगापास्कल (दाबाचं एकक). पण ती अट सांधा हाडात कायमचा धरून ठेवणाऱ्या सिमेंटची. स्पेसर तर काढायचाच असतो! सिमेंटच्या ४० ग्रॅम पावडरीत ४ ग्रॅम व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक घाला, आधी जंतू मारा. हॅम्बुर्गचे शल्यविशारद बुखहोल्त्स यांनी सिमेंटमध्ये जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळलं ते काही मजबुतीसाठी नव्हे.

यंत्रकार
साफ असहमत. मोडलेला स्पेसर वेळेआधीच काढावा लागतो, आणि खुब्याचा स्पेसर गोळ्याखालच्या मानेपाशी मोडतो. शिवाय डॉक्टर, तुम्ही एकदाच दिलेल्या दाबाचा आकडा सांगताय. पेशंट चालतो तेव्हा भार पुन्हा पुन्हा येतो. तडा बुडबुड्यापासून सुरू होऊन हळूहळू वाढतो. औषध विरघळून गेलं की तिथे पोकळ्या उरतात. म्हणजे बसवताना असलेली ताकद नंतर राहतच नाही.

हाडवैद्य
त्याच पोकळ्यांतून औषध बाहेर येतं हो! नाहीतर पृष्ठभागालगतचं सुटतं, आतलं बहुतेक अडकून बसतं. म्हणूनच मी स्पेसरचं सिमेंट हाताने कालवतो, बुडबुडे काढणारा व्हॅक्यूम लावत नाही. आणि पेशंटला वॉकर देतो, पूर्ण वजन टाकू देत नाही.

ओटी_सिस्टर
सर, ते डिस्चार्ज कार्डावर. घरी रात्री संडासला जाताना वॉकर कोण शोधतो?
दुसरं, तुम्ही दोघंही पावडरीच्या औषधाचंच बोलताय. आपल्याकडे जेंटामायसिन सहज मिळतं ते २ मिलीच्या इंजेक्शनात, ८० मिलिग्रॅम. तेच पातळ औषध सिमेंटमध्ये ओतलेलं मी पाहिलंय. पाणी त्यात एकजीव होत नाही, ताकद फार घटते. त्यापुढे ४ ग्रॅम की २ हा वाद किरकोळ आहे.

हाडवैद्य
सिस्टर, पातळ औषध नकोच, दुमत नाही.

किडनीवाला
मोठ्या डोसनंतर क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावल्याची रक्तातली खूण) वाढलेले पेशंट आमच्याकडे येतात. 'आधी जंतू मारा' म्हणताना तेही बघा.

यंत्रकार
डॉक्टर, दुसऱ्या शस्त्रक्रियेत नवा सांधा बसवताना पण ४ ग्रॅमच का?

हाडवैद्य
छे! तिथे ४० ग्रॅमला १ ग्रॅम, फार तर २. आणि व्हॅक्यूममध्येच. तिथे तुमचे ७० मेगापास्कल मला हवेतच.

यंत्रकार
बरं. मग खुब्याच्या स्पेसरमध्ये धातूची सळई घालता की तीही सक्तीच वाटते?