मदत हवी आहे: रोडियमच्या कॉम्प्लेक्समध्ये क्लोराइड अडीच कसे येतात?

खाडीकाठ, रत्नागिरी:
नमस्कार मंडळी. पेंटाअ‍ॅमिनक्लोरोरोडियम(३) क्लोराइड हे कॉम्प्लेक्स (धातूच्या अणूला इतर गट बांधलेलं संयुग) तयार केलंय. यात रोडियमला पाच अमोनिया आणि एक क्लोराइड बांधलेले, बाकी दोन क्लोराइड बाहेर मोकळे. रोडियम क्लोराइड, अमोनियम क्लोराइड, अमोनियम कार्बोनेट आणि थोडं इथेनॉल पाण्यात घालून तापवलं, फिकट पिवळी पूड मिळाली. 29.4 मिग्रॅ पूड 20 मिली पाण्यात विरघळवून सिल्व्हर नायट्रेट घातलं, साका जमावा म्हणून वॉटरबाथवर ठेवलं. मोकळे दोन क्लोराइड धरून 28.7 मिग्रॅ सिल्व्हर क्लोराइड यायला हवं, आलं 36, म्हणजे अडीच क्लोराइडइतकं. पाणी विहिरीचं, गाळून घेतलेलं. चुकतंय कुठे?

सुरंगी:
आधी पाणी बघा. जास्तीच्या 7.3 मिग्रॅ साक्याला जेमतेम 1.8 मिग्रॅ क्लोराइड पुरतो. खाडीलगतच्या मचूळ विहिरीच्या 20 मिली पाण्यात तेवढा सहज असतो, आणि गाळल्याने मीठ जात नाही. डिस्टिल्ड पाणीच घ्या. विहिरीच्या तेवढ्याच पाण्यात कॉम्प्लेक्स न घालता सिल्व्हर नायट्रेट टाकून बघा. गढूळ झालं तर ते पाणी बाद.

दुसरा संशय अमोनियम क्लोराइडचा. तुमच्या पुडीत तो 4.3 मिग्रॅ उरला असेल तरी हाच आकडा येतो. पूड कमीत कमी गरम पाण्यात विरघळवा, गरम असतानाच गाळा, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून बर्फात ठेवा. कॉम्प्लेक्स खाली बसतं, अमोनियम क्लोराइड वरच्या द्रावात राहतो. मग गार सौम्य आम्लाने आणि शेवटी इथेनॉलने धुवा. धुवण आम्लरहित होईपर्यंत थांबू नका, नाहीतर त्या आम्लाचाच क्लोराइड मोजला जाईल.

तापवायची सवय इथे नडते. रोडियमला बांधलेला तिसरा क्लोराइड थंड द्रावणात जागचा हलत नाही, पण सिल्व्हर नायट्रेटबरोबर तापवत ठेवलं की हळूहळू सुटू लागतो. थंडच ठेवा, दोन थेंब नायट्रिक आम्ल घाला, जोरात ढवळा आणि रात्रभर अंधारात राहू द्या.

माडबन:
अंधार फक्त साका काळा पडू नये म्हणून नव्हे. प्रकाशात या कॉम्प्लेक्सचा आतला क्लोराइड सुटून त्या जागी पाणी बसतं. द्रावण खिडकीत ठेवलं होतं का?

खाडीकाठ:
हो, खिडकीतच होतं. नुसत्या विहिरीच्या पाण्यातही लगेच दुधी गढूळपणा आला. आता डिस्टिल्ड पाणी घेऊन पूड पुन्हा स्फटिकवतो. पुढे आतला क्लोराइड काढून पाणी बसवायचंय, सिल्व्हर पर्क्लोरेट चालेल?

सुरंगी:
नको. अमोनिया असलेल्या कॉम्प्लेक्सचे पर्क्लोरेट क्षार कोरडे झाले की घासल्याने किंवा तापवल्याने फुटू शकतात. त्याऐवजी सिल्व्हर ट्रायफ्लेट हा चांदीचा दुसरा क्षार घ्या.