मदत हवी आहे: मोतीबिंदू, जुळ्या बहिणी आणि ४८ टक्के

आई आणि मावशी एकसारख्या जुळ्या, वय ६७. आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मावशी मात्र अजून सुईत दोरा एका झटक्यात ओवते. रोज विचारते, "माझाही नंबर लागणार का गं?"

लंडनमध्ये जुळ्या बायकांच्या ५०६ जोड्या तपासून २००० साली न्यूक्लिअर (डोळ्यातल्या भिंगाच्या मधल्या भागात होणाऱ्या) मोतीबिंदूची आनुवंशिकता ४८ टक्के काढली, वयाचा वाटा ३८. एकसारख्या जुळ्यांतलं साम्य साध्या जुळ्यांपेक्षा किती जास्त, यावरून हे काढतात, इथवर कळलं. पण जोडीतल्या दोघींचं वय तर एकच! मग वयाचा वाटा वेगळा कसा निघतो? आणि ४८ टक्के म्हणजे सगळ्या लोकांमधल्या फरकाचा हिस्सा असेल, तर एकट्या मावशीबद्दल त्यावरून काही सांगता येतं का? जेनेटिक्स किंवा संख्याशास्त्र शिकलेल्यांनी प्लीज समजावून सांगा.