सोलापूरच्या होटगी रोडचा वाहतूक अहवाल : मोजणी मे महिन्यात कशाला?

जुळेसोलापूरकर :
काल इथं एकानं लिहिलं, "होटगी रोडच्या नियोजित संकुलाचा वाहतूक अहवाल वाचला. खाली मॉल, मध्ये ऑफिसं, वर फ्लॅट. रस्त्यावर काही ताण येत नाही. विकासाला आडवे येऊ नका." मीपण वाचला, शेवटच्या पानापर्यंत. म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

मोजणी मे महिन्यातली आहे. मे मध्ये आपल्याकडं दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. शाळा-कॉलेज बंद, साखर कारखान्यांचं गाळप संपलेलं. ही म्हणे नेहमीची वर्दळ!

रस्त्याची क्षमता तासाला ३६०० पीसीयू धरलीय (पीसीयू म्हणजे सगळी वाहनं मोटारीच्या हिशोबात मोजायचं एकक). आयआरसी १०६ मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या क्षमतेवरच्या मार्गदर्शिकेत, हा आकडा चौपदरी, दुभाजक असलेल्या मुख्य रस्त्याचा आहे. कडेला दुकानांची तोंडं नाहीत, गाड्या उभ्या नाहीत, असा रस्ता. दुकानं आली की तिथंच २९०० लिहिलंय, आणि तेही गाड्या उभ्या नसतील तर. आपल्याकडं रसवंतीपुढं दुचाकी, त्यांच्या बाहेर रिक्षा, रिक्षाच्या बाहेर हातगाडी. चालायला उरलेल्या पट्ट्याची क्षमता कुणी काढली?

शिवाय "वर राहणारे खालच्याच ऑफिसात जातील" म्हणून अहवालात गाड्यांच्या फेऱ्या कमी धरल्यात. फ्लॅट घेणारा आणि नोकरी लागणारा माणूस एकच असेल, हे कशावरून?

पार्कचौकवाला :
काल लिहिणारा मीच. पोरं पुण्याला जातात म्हणून गळे काढायचे आणि इथं ऑफिसं यायला लागली की रस्ता अरुंद म्हणायचं. माझी लेक हिंजवडीला आहे. सणाला येते, दोन दिवसांत बॅग भरते. तिला गावात काम मिळालं तर मी रोज ट्रॅफिकमध्ये उभा राहीन. आणि ऑफिसची गर्दी सकाळची, मॉलची संध्याकाळची. पार्किंग दोघांना पुरतं. हा मिश्र वापराचा फायदा तुम्ही साफ गाळलात.

आसराकर :
मे चा मुद्दा बरोबर. डिसेंबरात मोजा, उसाचे ट्रॅक्टर चालू असताना. आयआरसीतच ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५ गाड्यांइतकी धरतात. माझा भाऊ रात्री अशाच ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉलीवर धडकला. ना दिवा, ना रिफ्लेक्टर, नुसता उसाचा ढीग बाहेर आलेला. अजून पाय ओढत चालतो. शहरातून ऊस वाहतूक बंदच करा.

दक्षिणचाशेतकरी :
बंद करा म्हणं! साखर कारखाना हितंच कुमठ्याला हाय, मग ऊस कुठनं न्यायचा? कारखाना आधीचा, तुमचे फ्लॅट मागनं आले. २०२३ ला कारखान्याची चिमणी पाडली तवा बी आम्हीच गप बसायचं, आता ट्रॅक्टर बी नको. तोडलेला ऊस फडात वाळला तर वजन घटतंय, ते पैसे कोण देणार?

पार्कचौकवाला :
चिमणी विमानाच्या वाटेत होती. पाडली म्हणून गोव्याचं विमान सुरू झालं.

दक्षिणचाशेतकरी :
विमानात आमच्यातलं किती जण बसतंय? सहवीज प्रकल्पाची, म्हंजी उसाच्या चिपाडावर वीज करत्यात त्याची, चिमणी होती ती. सभासदांच्या पैशाची.

आसराकर :
चिमणीवर कितीदा भांडायचं? रिफ्लेक्टरचं बोला ना! माझ्या भावाच्या पायाचं बोला.

दक्षिणचाशेतकरी :
तुमच्या भावाचं वाईट झालं, ते मान्य. रिफ्लेक्टर पायजेच. आमच्या वस्तीवरचा पोरगा बी तसाच गेला. पण बंदी न्हाई. रात्रीची वेळ ठरवा, बाह्यवळणानं जाऊ.

जुळेसोलापूरकर :
हीच वाहतूक अहवालात कुठंच नाही. संध्याकाळी मॉलची गर्दी, क्लास सुटलेली पोरं आणि दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर एकाच वेळी आसरा चौकात येणार. त्यात सकाळ-संध्याकाळच्या वाटणीनं काय साधणार? पार्किंग वाटून वापरता येईल, एवढं तुमचं खरं. पण तिथवर पोचायला रस्ता लागतो.

पार्कचौकवाला :
ठीक. मोजणी पुन्हा करा, माझी हरकत नाही. पण मोजणीच्या नावाखाली प्रकल्प दोन वर्षं लटकवला तर मी तुमच्या विरोधात पहिला उभा राहीन.

जुळेसोलापूरकर :
दोन वर्षं कोण मागतंय? गाळप सुरू असताना एक आठवडा मोजा, त्यात बाजाराचा दिवस धरा, आणि क्षमता २९०० च्या वर धरू नका. एवढंच लिहून महापालिकेत हरकत देतोय. सही करणार?

पार्कचौकवाला :
ऑफिसं रद्द करा असं कुठं लिहिलेलं नसेल तर करतो.

आसराकर :
त्यात रिफ्लेक्टर घाला, मग माझीपण.