फी आम्ही भरतो, मग मार्क का नाही?

वर नेरुळच्या ताईंनी विचारलंय की फी आम्ही भरतो, तर मुलीचे मार्क कॉलेज आम्हाला का सांगत नाही? त्यावर एकांनी अमेरिकेतला फेर्पा कायदा (विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी खासगी ठेवणारा) पुढे करून विषय मिटवला. तो १९७४चा. मूल १८ वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की नोंदींवरचा हक्क त्याचा, हे बरोबर. पण मूल करासाठी पालकांवर अवलंबून असेल तर कॉलेज पालकांना माहिती देऊ शकतं. देऊ शकतं, द्यायलाच हवी असं नाही. मेख तिथे आहे.

आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा कायदा आहे. त्यात १८च्या आतल्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, पुढे मुलगी स्वतः मुखत्यार. अंमल मात्र टप्प्याटप्प्याने, म्हणजे आपल्या नेहमीच्या चालीने. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय.

मला पालकांपेक्षा बाहेरच्यांची धास्ती जास्त. भाच्याच्या ठाण्यातल्या कॉलेजात कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट नोटीस बोर्डावर लागली: नाव, रोल नंबर, हजेरीचे टक्के आणि शेवटच्या रकान्यात चक्क पालकांचा मोबाइल! कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला आणि क्लासवाल्यांनी बहिणीला फोन करून भंडावून सोडलं. लेखी अर्ज दिल्यावर मोबाइलचा रकाना गेला, टक्के अजून झळकतायत. ताई, तुमच्या मुलीच्या कॉलेजात बोर्डावर काय काय लागतं, बघून सांगाल का?