फवारणीचा ड्रोन, त्याचा कोड आणि थर्मल कॅमेरा परदेशी विद्यापीठाला : परवाना कशाकशाला लागतो?

परभणीचा_विभाग :
आमच्या विभागात कापूस-सोयाबीनवर फवारणीसाठी ड्रोन बनवलाय. टाकी 10 लिटरची, पल्ला 2 किमी, खाली 640 बाय 512 पिक्सेलचा थर्मल कॅमेरा. केनियातल्या विद्यापीठाशी सामंजस्य करार झालाय. त्यांना एक ड्रोन, उड्डाण-नियंत्रकाचा सोर्स कोड आणि कॅड ड्रॉइंग पाहिजेत. कुरिअरवाले म्हणतात, इनव्हॉइसवर "नमुना, विक्रीसाठी नाही" लिहा, बाकी काही लागत नाही. शिवाय प्रकल्पातला येमेनचा विद्यार्थी व्हायवा झाला की मायदेशी जाणार, आणि सगळ्या फायली त्याच्या लॅपटॉपवर आहेत. काय काय करावं लागेल?

स्कोमेट_वाचक :
कुरिअरवाल्यांच्या भरवशावर राहू नका. फुकट दिलं तरी ती निर्यातच. परकीय व्यापार (विकास आणि विनियमन) कायदा 1992 चा. त्यात 2010 च्या दुरुस्तीने जे नवं प्रकरण आलं, ते वस्तूंबरोबर सेवा आणि तंत्रज्ञानालाही लागू आहे.

ड्रोन स्कोमेट यादीच्या, म्हणजे नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामांना येणाऱ्या वस्तूंच्या भारताच्या निर्यात-नियंत्रण यादीच्या, पाचव्या वर्गात येतात. तुमची वाट त्यातल्या त्यात सोपी आहे. पल्ला 25 किमीपर्यंत, भार 25 किलोपर्यंत आणि वापर फक्त नागरी असेल, तर जून 2023 पासून डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) ड्रोन निर्यातीसाठीची सर्वसाधारण परवानगी, म्हणजे जीएईडी, मिळते. ती 3 वर्षं चालते. दर खेपेला नवा अर्ज नको, फक्त माल गेल्यावर कळवायचं. टाकीचा आकार मात्र तपशीलपत्रात ठळक लिहा. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेच्या यादीत, स्वतः उडणाऱ्या किंवा नजरेआड चालवता येणाऱ्या ड्रोनवर 20 लिटरपेक्षा मोठी फवारणी यंत्रणा असेल, तर त्याची वेगळी नोंद आहे. टाकी वाढवायचा विचार असेल तर आधी ती नोंद वाचा.

खरी मेख पुढे आहे. या सवलतीतून सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान वगळलंय. म्हणजे ड्रोन सुटला तरी कोड आणि ड्रॉइंग यादीत बसतात का, हे वेगळं तपासायचं आणि बसत असतील तर वेगळा अर्ज करायचा. ईमेल, ड्राइव्हची लिंक, खासगी रिपॉझिटरीत दिलेला प्रवेश, सगळं त्यात आलं. कुणालाही, कसल्याही अटीशिवाय उपलब्ध असलेली माहिती नियंत्रणाबाहेर राहते. पण पेपरात अल्गोरिदम छापला म्हणजे अख्खा कोड खुला झाला, असं होत नाही.

उपकरण_कक्ष :
कॅमेरा विसरू नका, घोळ बहुतेक तिथेच होतो. त्याच्या मागच्या लेबलवर किंवा डेटाशीटमध्ये फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, तो बघा. 9 हर्ट्झ किंवा कमी असेल तर तो सहसा कडक नोंदीतून सुटतो. 30 हर्ट्झचा असेल तर स्कोमेट यादीच्या आठव्या वर्गातला सेन्सरचा भाग ओळ न् ओळ वाचा. दोन्ही मॉडेल बाहेरून अगदी सारखी दिसतात, म्हणून मॉडेल नंबरमधलं शेवटचं अक्षरसुद्धा अर्जात जसंच्या तसं उतरवा.

कॅमेरा अमेरिकेतून आलेला असेल तर खरेदीच्या फायलीतून एंड यूज स्टेटमेंट, म्हणजे वस्तू कशासाठी वापरणार याचं लेखी निवेदन, काढा. अमेरिकेचे ईएआर, म्हणजे निर्यात-नियंत्रणाचे नियम, वस्तूबरोबर फिरतात. परभणीहून नैरोबीला पाठवणं ही त्यांच्या लेखी पुनर्निर्यात आहे. सोपा उपाय म्हणजे कॅमेरा काढून ड्रोन पाठवा आणि तिकडच्यांना त्यांचा कॅमेरा बसवू द्या. बिघडलेला कॅमेरा दुरुस्तीला परत पाठवतानाही आधी हेच तपासायचं.

परभणीचा_विभाग :
अर्ज डीजीएफटीच्या पुण्याच्या कार्यालयात करायचा का? आणि विद्यार्थ्याचं काय?

स्कोमेट_वाचक :
स्कोमेटचा अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवरून थेट दिल्लीच्या मुख्यालयात जातो. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातदाराचा संकेतांक, विद्यापीठाच्या नावाचा हवा, प्राध्यापकांच्या नाही. केनियाच्या विद्यापीठाकडून त्यांच्या लेटरहेडवर अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र घ्या. त्यातलं वस्तूचं नाव, नग आणि पत्ता करारात आणि अर्जात हुबेहूब जुळले पाहिजेत. एका कागदावर "ॲग्री ड्रोन" आणि दुसऱ्यावर "यूएव्ही" असलं की शंका निघते आणि अर्ज तपासणाऱ्या आंतर-मंत्रालयीन गटात तो अडकतो. "शेती उपकरण" असं मोघम लिहू नका. वजन, भार, पल्ला, टाकी आकड्यांत द्या.

विद्यार्थी लॅपटॉप घेऊन विमानात बसला की फायली देशाबाहेर गेल्या. म्हणून तो निघण्याआधी फोल्डर वेगळे करा. प्रबंध आणि प्रकाशित डेटा त्याच्याकडे राहू दे, कोड आणि ड्रॉइंग विद्यापीठाच्या सर्व्हरवर ठेवून त्याचा लॉगिन बंद करा. काय दिलं, काय ठेवलं याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या आणि तारीख टाका. हे त्याच्यावर संशय म्हणून नाही, उद्या प्रश्न आला तर त्याचीही बाजू कागदावर असावी म्हणून.

अजून एक. वस्तू यादीत नसली, तरी ती सामूहिक संहाराच्या (आण्विक, रासायनिक, जैविक) अस्त्रांसाठी वापरली जाणार हे माहीत असेल, तर अशा अस्त्रांविरुद्धच्या 2005 च्या कायद्याने निर्यात बंद आहे. समोरचा अंतिम वापर सांगायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा आणि कुलसचिवांना लेखी कळवा.