गॉर्डन लिश: लेखक म्हणून दुर्लक्षित का?

प्रश्न: अमेरिकी कथाकार रेमंड कार्व्हर यांचे संपादक म्हणून लिश यांचे नाव सर्वत्र घेतले जाते; परंतु ‘पेरू’ (१९८६) या कादंबरीसारख्या त्यांच्या स्वतःच्या पुस्तकांविषयी समीक्षक इतके कमी का बोलतात?

प्रतिसाद १: १९९८ मध्ये पत्रकार डी. टी. मॅक्स यांनी इंडियाना विद्यापीठातील हस्तलिखिते तपासून दाखवून दिले की, कार्व्हर यांच्या १९८१ च्या कथासंग्रहातील सुमारे निम्मा मजकूर लिश यांनी छाटला होता आणि कित्येक कथांचे शेवटही बदलले होते. तेव्हापासून सारी चर्चा श्रेयाच्या हिशेबातच अडकली आहे.

प्रतिसाद २: त्या संग्रहातील ‘द बाथ’ ही लिश यांनी छाटलेली कथा वाचून पाहावी. मुलगा रुग्णालयात बेशुद्ध आहे, आई घरी येते, फोन वाजतो आणि कथा तिथेच तोडली जाते. कार्व्हर यांच्या मूळ मसुद्यात मुलाच्या मृत्यूनंतर आईवडील त्याच्या वाढदिवसाचा केक करणाऱ्या केकवाल्याकडे जातात आणि तो त्यांना गरम पाव खाऊ घालतो. कादंबरीकार स्टीफन किंग यांनी २००९ मध्ये अशा छाटणीवरून लिश यांच्यावर कडक टीका केली. मला मात्र तो तोडलेला शेवट अधिक अस्वस्थ करतो, मग कात्री कोणाचीही असो.

प्रतिसाद ३: मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. ‘पेरू’चा निवेदक सहाव्या वर्षी वाळूच्या खेळात केलेल्या हत्येची आठवण पुन्हापुन्हा उगाळतो. दुसऱ्यांच्या कथांत काटकसर करणाऱ्या या गृहस्थांचे स्वतःचे गद्य असे घोळवत जाणारे असल्याने, ‘मिनिमलिस्ट’ (मोजक्या शब्दांत लिहिणारा) हा शिक्का घेऊन आलेला वाचक गोंधळतो.