पॉइंट शूजच्या आत उशी हवी की नको?

रेलेवे (धागालेखिका):

बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. चौदा वर्षं बॅले केलं, त्यातली नऊ पॉइंटवर, म्हणजे अंगठ्याच्या टोकावर उभं राहून. डाव्या पायाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं तेव्हा थांबले. परवा आवराआवरीत जुनी जोडी सापडली, त्यातला डावा शू कटरने उभा कापला. आत काय निघालं सांगू? वरून सॅटिन, मग सुती कापड, मग गोणपाटासारख्या जाड कापडाचे आणि कागदाचे थर खळीने एकावर एक चिकटवलेले, आणि तळव्याखाली पुठ्ठा न् चामड्याची पट्टी, जिला आपण शँक म्हणतो. बस्स. धक्का शोषून घेईल असं आत काहीही नाही.

मारी तालियोनी ही नर्तकी १८३२ मध्ये पॅरिसला 'ला सिल्फिद' हा बॅले नाचली तेव्हा तिच्या शूला बॉक्ससुद्धा (बोटांभोवतीचं कडक टोक) नव्हता, साधी सॅटिनची चप्पलच ती, टोकाला आणि कडेने रफू करून घट्ट केलेली. पुढे इटालियन नर्तकींच्या शूजना कडक टोक आलं आणि त्याच्या जोरावर पिएरिना लेन्यानीने १८९५ मध्ये 'स्वान लेक'मध्ये ३२ फुएते (एका पायाच्या टोकावर सलग गिरक्या) मारले. म्हणजे शू बदलला तसं नृत्यही बदलत गेलं. पण त्यानंतर बहुतेक शूज अजून खळ, कापड आणि चामड्याचेच बनतात, आणि आपण मुलींकडून मागतोय मात्र कितीतरी जास्त उड्या, जास्त तास, जास्त प्रयोग. इतर खेळांच्या बुटांवर एवढं संशोधन होतं मग इथेच 'दुखणारच, सहन कर' का? मला हे पटत नाही, आता तर अजिबातच नाही.

आडवा_बार:

असहमत. तुमच्या पायाबद्दल ऐकून वाईट वाटलं, खरंच, पण मुद्द्यावर असहमत.

मी बावीस वर्षं शिकवते. उडी मारून खाली येताना कोणीही बॉक्सच्या टोकावर आदळत नाही हो, आधी बोटं, मग चवडा, मग टाच आणि त्याच दमात प्लिए, म्हणजे गुडघे वाकवणं. गुडघा, घोटा आणि पोटऱ्या हेच आपले शॉकअब्सॉर्बर. ज्या मुलीची टाच खाली टेकत नाही किंवा प्लिए अर्धवट राहतो तिला तुम्ही ढगाचे शूज घालून दिले तरी दुखणार. आणि दुसरं, जमीन कळली पाहिजे! टोकावर तोल सांभाळताना बोटं क्षणाक्षणाला बारीक बारीक दुरुस्त्या करत असतात, मधे मऊ थर आला की तो निरोपच उशिरा पोचतो आणि घोटा मुरगळतो. मी जाड जेलपॅड घालणाऱ्या मुली बघितल्यात, पाय आत सरकतो, बोटं दुमडतात, शेवटी नखं जातात ती जातातच.

पॉलिमर:

मी नाचत नाही पण फोम आणि रबराचं काम करतो. दोघीही बरोबर आहात पण वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय असं वाटतं.

समजा कोणी ३० सेंटीमीटर उंच उडी मारली. खाली टेकताना वेग सेकंदाला साधारण २.४ मीटर. प्लिएमध्ये शरीर अजून ३० सेंटीमीटर खाली गेलं तर थांबायला तेवढं अंतर मिळालं, सरासरी जोर शरीराच्या वजनाच्या दुप्पट. शूमध्ये फोमला जागा किती, तर फारच झालं ३-४ मिलिमीटर. एकूण थांबण्यात त्याचा वाटा नगण्य, इथे आडवा_बार यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण पाय टेकल्याच्या पहिल्या क्षणी, स्नायू वाकायला लागायच्या आधी, जो एक टोकदार फटका बसतो ना, तिथे हेच ३ मिलिमीटर उपयोगी पडतात. सरासरी जोर कमी होत नाही पण फटक्याचं टोक बोथट होतं, आणि दाब एकाच हाडावर न येता आजूबाजूला पसरतो.

अजून एक, जे धागालेखिकेच्या विरुद्ध जातं: खाली मऊ असलं की माणूस नकळत पाय जास्त ताठ ठेवतो. धावणाऱ्या आणि जागच्या जागी उड्या मारणाऱ्या लोकांवर हे १९९० च्या दशकात मोजलं गेलंय. त्यामुळे जितकं मऊ तितकं चांगलं हे गणित चालत नाही.

रेलेवे:

@आडवा_बार ताई, टोकावर कोणी आदळत नाही म्हणालात, पण 'जिझेल' बॅलेच्या पहिल्या अंकातल्या त्या सोलोचं काय? एका पायाच्या टोकावर तिरप्या रेषेत एकामागून एक उड्या, तिथे टाच खाली येतच नाही. घोटा लॉक, गुडघा किंचित वाकलेला, तेवढीच काय ती स्प्रिंग. मी ते पाच आठवडे रोज घोटलंय, एकेका रिहर्सलला तीस-चाळीस वेळा, आणि माझं दुखणं तेव्हाच सुरू झालं. तेव्हाच्या शिक्षकांना सांगितलं तर म्हणाले शू अजून मोडायचाय, मोड. मग दाराच्या फटीत बॉक्स दाबून चेपला, शँक हाताने वाकवला, तळ खरवडला, टोकाला रफू मारलं, सगळं केलं. म्हणजे नवी कोरी वस्तू आणायची आणि पायाला चालेल अशी होईपर्यंत तिला ठोकत बसायचं. दुसऱ्या कुठल्या व्यवसायात कोणी हे खपवून घेईल का?

शिवणपेटी:

ठोकत बसायचं म्हणजे वाईटच असं नाही हं. मी कॉस्च्युम विभागात आहे, प्रत्येकीचा शू वेगळा मोडतो आणि त्यातच तो तिचा होतो. हाताने बनवणारे कारागीर तळावर आपली खूण उमटवतात, कोणाचा मुकुट, कोणाचा मासा, आणि नर्तकी वर्षानुवर्षं त्याच खुणेचा शू मागते, कारण त्या माणसाच्या हाताला तिच्या पायाचं माप माहीत असतं. तो रिटायर झाला की रडतात मुली, मी बघितलंय. साच्यातून निघालेल्या प्लास्टिकला हे येणार नाही.

आणि आवाज. आमच्याकडे एकदा नवीन धर्तीचे कडक शूज वापरून बघितले, चोवीस जणी एकत्र धावल्या तर स्टेजवर टकटक टकटक. पांढऱ्या झग्यातली भुतं ती, त्यांच्या पायाचा आवाज कसा चालेल?

पॉलिमर:

@शिवणपेटी आवाज कडक टोकाचा येतो, मऊ थराचा नाही. उलट टोकाखाली पातळ फोम असेल तर आवाज कमीच व्हायला हवा. जुने बॉक्ससुद्धा वाजतात म्हणूनच तर त्यांना जमिनीवर आपटून आपटून नरम करतात ना?

घोटा_आणि_टाच:

फिजिओथेरपिस्ट आहे, नर्तक पेशंट भरपूर येतात. थोडं लांब लिहितेय, सांभाळून घ्या.

धागालेखिकेने हाड सांगितलं नाही पण माझा अंदाज दुसऱ्या बोटामागचं लांब हाड, दुसरं मेटाटार्सल. बॅलेत हेच सगळ्यात जास्त सापडतं आणि तेही बुडाशी. कारण ते बहुतेकींचं सगळ्यात लांब असतं आणि त्याचं बूड मागच्या हाडांच्या खोबणीत घट्ट अडकलेलं असतं, हलायला वावच नाही, त्यामुळे टोकावर उभं राहिलं की वाकवणारा सगळा जोर तिथे एकवटतो. आता बघा, हा वाकवणारा जोर आहे, खालून बसणारा ठोसा नाही. टोकाखाली कितीही मऊ घातलं तरी हा कमी होत नाही. तो कमी करायचा तर शँकने पावलाला नीट आधार द्यायला हवा आणि बॉक्सच्या बाजूंनी पाय चहूकडून आवळून धरायला हवा, म्हणजे वजन बोटांच्या टोकावर न उतरता बाजूंवर पेललं जातं. खळीचा शू घामाने भिजून नरम झाला की नेमका हा आधार जातो. त्या मेलेल्या शूमध्ये अजून एक तास, अजून एक तास करत मुली ढकलतात आणि तिथे हाड जातं. मला विचाराल तर उशीपेक्षा न मरणारा शू ही मोठी सुधारणा. गेनॉर मिंडेन या शू कंपनीने १९९३ पासून प्लास्टिकसारख्या लवचिक पदार्थाचा शँक आणि बॉक्स आणला, तो घामाने विरघळत नाही, आत फोमही असतो. आता त्याला बरीच वर्षं झाली आणि त्यात नाचणाऱ्या व्यावसायिक नर्तकी आहेत, तेव्हा अशा शूमध्ये जमीन कळतच नाही हे विधान मला जरा घाईचं वाटतं.

पण शू हा एक भाग झाला. पोटाला पुरेसं न खाणं, पाळी बंद होणं, झोप नाही आणि प्रयोगाआधी एकदम दुप्पट सराव, यातलं एकही विचारल्याशिवाय मी शूबद्दल बोलत नाही.

रेलेवे:

हो, दुसरं मेटाटार्सलच, बुडाशी. पाळीचंही खरं आहे, सात महिने नव्हती आणि मला वाटायचं शरीर छान तयार होतंय. हे कोणी तरी तेव्हा विचारायला हवं होतं.

नवशिकीची_आई:

मुलगी बारा वर्षांची आहे, पुढच्या महिन्यात पहिले पॉइंट शूज. हे सगळं वाचून घाबरले. आतून जास्त फोमवाले घेऊ का? आणि वाढत्या पायासाठी एक नंबर मोठे घेतले तर चालतील का?

आडवा_बार:

@नवशिकीची_आई मोठे अजिबात नको, हे एक माझं ऐकाच. सैल शूमध्ये पाय खाली घसरतो आणि सगळं वजन अंगठ्याच्या नखावर. आज बसतो तोच माप, पाय वाढला की नवीन. पातळ पॅड चालेल, पण पॅड घालूनच फिटिंग करा, नंतर कोंबायचा नाही. आणि बारा वर्षं झाली म्हणून पॉइंट असं नसतं, एका पायावर सावकाश उठून तोल राखता येतो का, पाऊल पूर्ण ताणलं जातं का, पोट-पाठ धरलेली राहते का, हे शिक्षकांनी बघितलंय ना विचारा. नसेल तर थांबा, सहा महिन्यांनी काही बिघडत नाही.

@घोटा_आणि_टाच प्लास्टिकच्या शँकवर माझा आक्षेप वेगळा आहे. तो मुलीला वर ढकलून देतो. पावलाचे स्वतःचे स्नायू तयार व्हायच्या आधी शूच काम करायला लागला तर ती शिकणार काय? व्यावसायिक नर्तकी आधीच तयार झालेली असते, तिचं उदाहरण शिकणाऱ्या मुलीला लावू नका.

घोटा_आणि_टाच:

शिकणाऱ्यांबद्दलचं मान्य. पण मग तुमचाही जमीन कळण्याचा मुद्दा शिकणाऱ्यांपुरता ठेवा, बाकीच्यांनी दुखणं का भोगायचं?

शिवणपेटी:

मला दिसण्याबद्दलही बोलायचंय. आत थर वाढला की टोक जाड दिसतं, पायाची रेष तुटते. रशियन नर्तकी आना पावलोव्हाचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, तळ जास्त भक्कम करून, टोक रुंद करून नाचायची आणि त्यावरून टीका झाली, फोटोतलं टोकसुद्धा बारीक करून घ्यायची. प्रेक्षकाला ती निमुळती रेष हवी असते.

रेलेवे:

शिवणपेटी, पण त्यातून उलटंच नाही का दिसत? पावलोव्हाला आधार लागत होता, तिने तो घेतला, आणि तिचं नाचणं आपण अजून बोलतोय. प्रेक्षकाला काय हवं तेही कायमचं नसतं. शूज पिढ्यान्‌पिढ्या फिक्या गुलाबी रंगाचेच, सावळ्या मुलींनी त्यावर मेकअपचा फाउंडेशन थापून आपल्या रंगाचे करून घ्यायचे, दर जोडीला. फ्रीड ऑफ लंडन ही १९२९ पासूनची कंपनी, तिने बॅले ब्लॅक या नृत्यसंस्थेबरोबर ब्राऊन आणि ब्राँझ शूज काढले ते थेट २०१८ मध्ये. कोणाची रेष तुटली नाही. परंपरेला धक्का वगैरे काही लागत नाही, फक्त कोणीतरी बसून करायला लागतं.

पॉलिमर:

@रेलेवे एक विनंती. तो कापलेला शू अजून आहे का? असेल तर आतलं अस्तर काढून बघा, कुठे जास्त झिजलंय. फोम कुठे घालायचा हे त्यावरून बरंच कळेल, उगाच सगळीकडे घालून उपयोग नाही.

रेलेवे:

आत्ता काढून बघितलं. चवड्याखाली, दुसऱ्या बोटाच्या जरा मागे, एक काळपट खळगा आहे, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा लहान. तिथलं कापड पार विरलंय, बोट फिरवलं तर खालचा पुठ्ठाच लागतो, आणि तोही गुळगुळीत झालाय. टाचेकडे अस्तर जवळजवळ नव्यासारखं. टोकाला आत रक्ताचा जुना डाग आहे पण कापड शाबूत.

म्हणजे मला दुखायचं टोकाला आणि झिजायचं चवड्याखाली. नऊ वर्षं मी फक्त टोकाला लोकर कोंबत राहिले.

पॉलिमर:

हेच. त्वचेचं दुखणं वेगळं आणि हाडावरचा भार वेगळा, दोन्हीला एकच उशी लावली की दोन्ही फसतात. चवड्याखाली २ मिलिमीटर, हळू उसळणारा दाट फोम, कडेला निमुळता केलेला. टोकाला एक मिलिमीटरपेक्षा जास्त नाही आणि तोही कडक जातीचा. शँक न भिजणारा. हे करायला अवघड नाहीये.

आडवा_बार:

चवड्याखाली २ मिलिमीटरला माझी हरकत नाही. उड्यांच्या क्लासला मी स्वतः एखाद-दोन मोठ्या मुलींवर करून बघीन, खाली लाकडी स्प्रिंगवाला फ्लोअर असेल तिथेच, कारण काँक्रीटवर नाचवलं तर कुठलाच शू वाचवणार नाही. पण प्लॅटफॉर्मला, म्हणजे ज्यावर उभं राहतो त्या सपाट टोकाला, हात लावू नका, एक मिलिमीटरसुद्धा नको. तिथे मुलीला जमीन लागली पाहिजे.

रेलेवे:

ताई, करून बघा आणि इथे लिहा, अगदी काही फरक पडला नाही तरी लिहा. प्लॅटफॉर्मबद्दल मी ऐकणार नाही, 'जिझेल'च्या त्या चाळीस उड्या टोकावरच होत्या.

आडवा_बार:

चाळीस वेळा घोटून घेणाऱ्याला थांबवायला हवं होतं, टोकाखाली फोम घालून ते सोपं करायला नको होतं. महिनाभराने लिहिते.